सही केलेली पेटी की बिनपेटीचा जुना पेला?

साकेचा, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचा, जुना पेला घ्यायचा म्हटलं की बऱ्याच जणांचं घोडं दोन पर्यायांपाशी अडतं. एक, विसाव्या शतकातल्या नावाजलेल्या कुंभाराचा 'गुइनोमी', म्हणजे साकेचा छोटा पेला, किरी या हलक्या लाकडाच्या पेटीसकट. दुसरा, एदो काळातला (१६०३-१८६८), आरिता या पोर्सिलेनसाठी प्रसिद्ध जपानी गावाकडचा निळ्या नक्षीचा 'सोबा-चोको'. याला बहुधा पेटी नसतेच, असली तर नंतर कुणीतरी मापाने करून घेतलेली.

पहिल्यात पेटी म्हणजे अर्धी वस्तू. कुंभाराने स्वतः लिहून सही-शिक्का केलेली ती 'तोमोबाको'. विसाव्या शतकातले नामवंत कुंभार हामादा शोजी भांड्यांवर सही करत नसत, सही असायची ती पेटीवर. त्यांचा पेला पेटीवाचून घेतला तर सगळा भरवसा जाणकाराच्या नजरेवर. वारसाने किंवा तज्ज्ञाने नंतर लिहून दिलेली 'शिकिबाको' तिच्या खालोखाल. नुसती मापाची 'आवासेबाको' सांभाळण्यापुरती. तिच्यावर एक पैसाही जास्त देऊ नका. विक्रेता 'पेटीसह' म्हणाला, की यातली कुठली ते आधी विचारा. मी एकदा विचारलं नाही. बिझेन या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध जपानी भागातला पेला घरी आला तो पेटीत खुळखुळतच, आणि झाकणावर लिहिलेलं 'चाइरे', म्हणजे चहापूड ठेवायची बुधली! पेला सुरेख होता, पण पेटीचे मोजलेले पैसे पाण्यात गेले.

सोबा-चोकोची ओळख तळाशी. पालथा घालून बघा: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या बऱ्याच पेल्यांच्या बुडाशी झिलई पुसलेलं रुंद कडं आणि मधे झिलईचा खोलगट गोल दिसतो. जपानी लोक त्याला सापाचा डोळा म्हणतात. मग काठावरून नख फिरवा, टवका लगेच लागतो. केसासारखी चीर मात्र उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. हा मुळात खाण्याच्या पदार्थांचा आणि सोबाच्या (बकव्हीटच्या जपानी शेवयांच्या) रश्शाचा पेला, त्यामुळे साकेसाठी मोठाच. मी अर्ध्याच्या खालीच भरते.

वापरायला सोबा-चोको फारच सोपा. पोर्सिलेन असल्याने काही शोषत नाही, धुतला की झालं. हागी या जपानी गावच्या मातीचा गुइनोमी मात्र सच्छिद्र. साके ओतण्याआधी तो पाण्यात बुडवून घ्यायचा, आणि धुतल्यावर दोन-तीन दिवस पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत ठेवायचा नाही, नाहीतर कुबट वास धरतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर आठवडाभर बाहेरच राहू द्या. पेटीत पेल्याभोवती पिवळं सुती कापड मिळालं तर फेकू नका. कसर लागू नये म्हणून जपानात असं कापड हळदीत रंगवायची जुनी रीत आहे. आता रंग बहुधा रासायनिक असतो, तरी पहिल्यांदा ती घडी उलगडताना मला आजीच्या ट्रंकेची आठवण झाली.

पहिलीच खरेदी असेल तर मी सोबा-चोकोच घ्यायला सांगेन, तोही किंचित टवका गेलेला, म्हणजे स्वस्तात पडेल आणि रोज हाताळायची भीती वाटणार नाही. असे पाच-सहा पेले हाताखालून गेले, की तोमोबाकोसाठी पैसे साठवायला लागा.