कोबेतील जर्मन बेकरी आणि रेस्टॉरंट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही जपानमधल्या कोबेला राहायला आलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात कितानो ह्या टेकडीच्या चढावरून खाली उतरताना मी पहिल्यांदा ह्या दुकानात शिरले. त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे जवळजवळ अकरा महिने, तापाचा एक आठवडा आणि भारतात काढलेले पंधरा दिवस सोडले तर माझा एकही शनिवार चुकलेला नाही. खाली बेकरी आणि वरच्या मजल्यावर वीस-बावीस माणसांपुरते रेस्टॉरंट, असे हे लहानसे ठिकाण आहे. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कोबेतल्या ज्या दोन जुन्या जर्मन नावांचा उल्लेख खाली येईल, त्यांच्याशी ह्या दुकानाचा संबंध नाही. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर जेवण जड, दर चढे आणि पाव आंबट, एवढेच लिहून थांबले असते. त्यातले पहिले दोन शेरे आजही कायम आहेत. पावाबद्दलचे मत मात्र पार बदलले आहे, आणि हा अनुभव मुख्यतः त्या पावासाठीच लिहीत आहे.

जपानमध्ये जर्मन पाव कसा, हा प्रश्न भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि त्याचे उत्तर ह्या शहराच्या इतिहासात आहे. कोबे बंदर १८६८ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले. कितानोच्या टेकडीवर त्या व्यापाऱ्यांची घरे अजून उभी आहेत, आणि त्यांतले छपरावर वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा) असलेले, विटांचे सर्वांत प्रसिद्ध घर एका जर्मन व्यापाऱ्याचे होते. पावाची आणि केकची खरी परंपरा मात्र युद्धकैद्यांकडून आली. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, जपानने चीनमधले चिंगदाव हे जर्मनांच्या ताब्यातले बंदर जिंकले आणि तिथल्या जर्मनांना जपानात आणून छावण्यांत ठेवले. त्यांपैकी कार्ल युखहाइम ह्या मिठाईकाराने मार्च १९१९ मध्ये हिरोशिमाच्या प्रदर्शनात बाउमकूखेन हा झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा दिसणारा केक भाजून दाखवला. ज्या इमारतीत ते प्रदर्शन भरले होते, तीच आज अणुबॉम्बचे स्मारक म्हणून जगाला माहीत आहे. सुटकेनंतर युखहाइम यांनी योकोहामात दुकान थाटले, ते दुकान १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात नष्ट झाले, आणि युखहाइम कुटुंबासह कोबेला आले. हाइनरिख फ्रॉइंडलीब हेही असेच चिंगदावचे युद्धकैदी. त्यांनी १९२४ मध्ये कोबेत बेकरी काढली, आणि त्यांच्या नावाची बेकरी आज एका जुन्या चर्चच्या इमारतीत चालते. मला विशेष वाटते ते हे, की योकोहामातले अनेक सिंधी व्यापारीही त्याच भूकंपानंतर कोबेत आले. आज ह्या टेकडीवर जैन मंदिर, १९३५ पासूनची मशीद आणि जर्मन पाव हे सगळे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. त्यामुळे दुकानात माझ्या पुढे गुजराती बोलणाऱ्या एक आजी उभ्या असल्या तरी कोणाला नवल वाटत नाही.

आता पावाकडे येते. आठवड्यातून पाच दिवस इथे दहा-बारा प्रकार भाजले जातात, पण दुकानाची खरी ओळख म्हणजे राय आणि गहू मिसळून केलेला, रोगेनमिशब्रोट ह्या नावाने ओळखला जाणारा गोल पाव. राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे. ते गव्हाच्या नात्यातले, थंड प्रदेशात पिकणारे धान्य आहे. जर्मनीतल्या संकेतांनुसार ह्या नावाच्या पावात राय निम्म्याहून जास्त असावी लागते, आणि नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर त्याला नुसते रोगेनब्रोट म्हणतात. इथल्या पावात ती सत्तर टक्के आहे, अशी पाटीच लावलेली आहे. साधारण पाऊण किलोचा पाव ९०० येनला, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास पडतो. हा दर ऐकून माझ्या पतींनी सुरुवातीला बराच विरोध केला होता. आता तो विरोध मावळला आहे, कारण एक पाव आम्हा दोघांना पाच दिवस पुरतो आणि सकाळी दोन काप खाल्ले की दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

दुसऱ्याच भेटीतला एक प्रसंग सांगते, कारण ह्या पावाचा स्वभाव मला तिथे पहिल्यांदा कळला. पाव भट्टीतून नुकताच बाहेर आला होता आणि मी तो कापून मागितला. कापाची जाडी मिलिमीटरमध्ये विचारण्याची इथे पद्धत आहे. पण काउंटरवरच्या बाईंनी जाडी न विचारता पाव उलटा केला, तळाला बोटाच्या पेराने दोनदा ठोकून मला आवाज ऐकवला, मग माझा तळहात त्या गरम तळावर टेकवला आणि सावकाश जपानीत सांगितले की आज कापू नका, उद्या कापा. मी तरीही आग्रह धरला. पहिले चार-पाच काप पडताच आतला मऊ भाग यंत्राच्या पात्यांना चिकटला, काप चुरगळले, आणि त्या बाईंनी काही न बोलता यंत्र थांबवून ब्रशने पाती साफ केली. तो पाव घरी नेऊन खाल्ला तेव्हा तो आंबट आणि चिकट लागला, आणि ‘जर्मन पाव आपल्याला आवडत नाही’ असा ग्रह मी दोन आठवडे बाळगला. पुढे एकदा शनिवारी आणलेला पाव सोमवारपर्यंत तसाच राहिला, आणि सोमवारी तो कापला तेव्हा मला निराळाच पदार्थ हाती आल्यासारखे वाटले. आंबटपणा मागे सरकला होता, कवचातला भाजका, किंचित कडसर गोडवा आतपर्यंत मुरला होता आणि काप सुरीखाली स्वच्छ पडत होता. तेव्हापासून मी हा पाव तिसऱ्या दिवसासाठीच विकत घेते.

ह्यामागचे कारण मला सासूबाईंमुळे नीट उमगले. त्या सातारजवळच्या गावातून सप्टेंबरमध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. भाकरी थापण्यात आयुष्य गेलेले असल्यामुळे पिठाची त्यांना नेमकी जाण आहे. मी घरी करून पाहण्यासाठी आणलेले रायचे पीठ त्यांनी पाणी घालून मळले, चिमटीत ओढून पाहिले आणि म्हणाल्या, “ह्याला गव्हासारखा चिवटपणा नाही गं, हे ज्वारीच्या वाटेनं जाणारं पीठ आहे. नुसतं मळून फुगायचं नाही, ह्याला आंबवायलाच हवं.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. रायच्या पिठात गव्हासारखी ताणली जाणारी जाळी तयार होत नाही. पाणी धरून ठेवण्याचे काम त्यातले डिंकासारखे तंतू करतात, म्हणून हा पाव दिवसेंदिवस ओलसर राहतो. शिवाय पाव भाजला जात असताना रायमधली पाचकद्रव्ये (एन्झाइम) पिष्ट फोडू लागतात आणि आतला भाग लगद्यासारखा होऊ शकतो. आंबवणातली आम्लता त्यांना आवर घालते. म्हणजे आंबटपणा ही केवळ चवीची हौस नसून रायचा पाव उभा राहण्याची अट आहे. झाउअरटाइग नावाचे हे आंबवण इथे विरजणासारखेच जपले जाते: रोज थोडे काढून घ्यायचे, उरलेल्याला नवे पीठ आणि पाणी घालायचे. मुख्य बेकर जपानी आहेत आणि जर्मनीत शिकून आलेले आहेत. त्यांनी सासूबाईंना आंबवणाचे भांडे उघडून दाखवले. सासूबाईंनी वास घेतला आणि “ताकाच्या माठासारखा आहे” म्हणाल्या. मी त्याचे जमेल तसे भाषांतर केले, तेव्हा बेकर खूश झाले.

वरच्या मजल्यावरच्या जेवणाबद्दल मला इतक्या उत्साहाने लिहिता येत नाही. दुपारची ताटे १,६०० ते २,४०० येनची आहेत. श्नित्सेल (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ काप) कुरकुरीत असते, पण त्यासोबतचा बटाटा अनेकदा आदल्या दिवसाचा वाटतो. सॉसेज चांगली आहेत, पण ती बाहेरून येतात आणि शहरात अन्यत्रही मिळतात. झाउअरक्राउट म्हणजे आंबवलेली कोबी मात्र घरची आहे आणि तिच्यात घातलेले शहाजिरे आपल्याला ओळखीचे वाटते. मे-जूनमध्ये होक्काइदोचा पांढरा शतावरी कोंब लोण्याच्या सॉससह दिला जातो, तो एकदा खाण्यासारखा आहे. शाकाहारी माणसासाठी केझेश्पेत्सले हा एकच खरा भरवशाचा पदार्थ आहे: अंड्याच्या पिठाचे शेवेपेक्षा जाड, आखूड तुकडे, चीज आणि खरपूस तळलेला कांदा. अंडे न खाणाऱ्यांना मात्र तोही चालणार नाही.

माझा सल्ला असा, की वर बसायचेच असेल तर शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी पाचनंतर जावे आणि आबेंडब्रोट मागवावे. जर्मन घरांत रात्रीचे जेवण पुष्कळदा न शिजवता, पाव, लोणी, चीज, काकडीचे लोणचे आणि मुळा असे थंडच होते, आणि त्याला ‘संध्याकाळचा पाव’ असेच म्हणतात. इथे ते लाकडी फळीवर येते. चार प्रकारच्या पावाचे पातळ काप, मीठ लावलेला मुळा, दोन चीज आणि बव्हेरियाकडचे ओबात्स्दा हे मऊ चीज, लोणी आणि पॅपरिका ही सौम्य लाल मिरचीची पूड घोटून केलेले मिश्रण, एवढ्यावर दोघांचे १,९०० येनमध्ये उत्तम जेवण होते. ह्यात स्वयंपाकघराला काहीच करायचे नसते आणि खालच्या भट्टीचे सगळे श्रेय ताटात येते.

आता तक्रार. ऑक्टोबरमध्ये सासूबाईंना घेऊन गेले असताना मी मसुराचे सूप मागवण्यापूर्वी त्यात मांस आहे का, असे स्पष्ट विचारले होते, आणि नाही असे उत्तर मिळाले होते. त्यांनी तीन-चार चमचे घेतल्यावर तळाशी गुलाबी चौकोनी तुकडे दिसले. ते डुकराच्या खारवलेल्या मांसाचे होते. वाढणाऱ्या मुलाच्या मनात कपट नव्हते. बेकनचे बारीक तुकडे अनेक जपानी माणसांच्या लेखी ‘मांसा’त मोडत नाहीत, ती चव आणण्याची वस्तू असते, हे मला नंतर कळले. पण आयुष्यभर माळ पाळलेल्या वारकरी बाईच्या दृष्टीने तो खुलासा पुरेसा नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, चमचा खाली ठेवून पाणी प्यायल्या, आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. त्यांना तिथे नेल्याचे दुःख मला आजही आहे. दुकानाने मनापासून माफी मागितली, पैसे घेतले नाहीत, आणि तीन आठवड्यांनी सूपच्या यादीत घटक लिहून आले. ते चांगलेच झाले. पण ही काळजी प्रत्येक पदार्थापर्यंत पोहोचलेली नाही. केझेझाहनेटोर्टे ह्या थंड चीज-केकमध्ये जिलेटिन असते, त्याची नोंद अजून नाही. पावासोबत लहान वाटीत पांढरे, लोण्यासारखे दिसणारे काही आले तर ते डुकराची चरबी असू शकते, हे लक्षात ठेवावे. शाकाहारी माणसाने इथे ‘मांस आहे का’ असे न विचारता बेकन, हॅम, चरबी, जिलेटिन, मांसाचे पाणी अशी एकेका वस्तूची नावे घेऊन विचारावे. रायचा साधा पाव मात्र पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढ्यावरच होतो, आणि सासूबाई तो जाईपर्यंत खात राहिल्या, वर घरचे तूप आणि लसणाची चटणी लावून.

हवामानाचा विचार पहिल्या वर्षी कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. जूनच्या मध्यापासून महिनाभर इथे पावसाचा चिकट ओलावा असतो, आणि त्या दिवसांत ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा जर्मन पाव) घेण्यात अर्थ नाही. भाजण्यापूर्वी सोड्याच्या तीव्र क्षारी पाण्यात बुडवल्यामुळे त्याला तो तपकिरी, चकचकीत पापुद्रा येतो. दमट हवेत वरचे मीठ पाणी ओढते आणि दोन तासांत पापुद्रा ओला पडतो. सकाळी दहाला घेऊन तिथेच बाहेर उभे राहून खायचा असेल तरच घ्यावा. रायचा पाव पावसाळ्यात चौथ्या दिवशी बुरशी धरतो, पण म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्रिजच्या थंडाव्यात पाव अधिक लवकर शिळा होतो. मी तिसऱ्या दिवशी उरलेले काप फ्रीझरमध्ये टाकते आणि लागतील तसे तव्यावर गरम करते. थंडीच्या दिवसांत हे काहीच करावे लागत नाही. जानेवारीत पाव कापडात गुंडाळून, कापलेली बाजू फळीवर पालथी ठेवली, तर सहा दिवस उत्तम राहिला.

शनिवारी साडेअकरानंतर गेल्यास मोठे पाव संपलेले असतात. फोनवर सांगून ठेवता येते, पण बाजूला काढलेला पाव ते दुपारी दोनपर्यंतच धरतात. सोमवारी आणि मंगळवारी दुकान बंद असते. श्टोलेन ह्या नाताळच्या मनुकांच्या पावाची नोंदणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होते. त्यात रममध्ये मुरवलेल्या मनुका असतात, म्हणून सासूबाईंसाठी मी तो घेतला नाही. त्या डिसेंबरमध्ये परत निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत रायचा एक आख्खा, न कापलेला पाव होता. शनिवारचा पाव सोमवारी साताऱ्याला पोहोचला, म्हणजे बरोबर तिसऱ्या दिवशी, आणि तो कापून शेजारी वाटल्याचे त्यांनी फोनवर सांगितले.