फोंड्यातला रविवारचा स्टॅटिस्टिक्स क्लास: शिकवणं मस्त, झेरॉक्स बेकार

मी गेलेले खरं तर परीक्षेसाठी, डेटा इंटरप्रिटेशनमध्ये दरवेळी मार्क जातात म्हणून डिचोलीहून चार रविवार सकाळची बस पकडून फोंड्याला. फी 1200. क्लासचं नाव लिहीत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे.

पहिले दोन रविवार नेहमीचंच, नफा-तोटा, पाय चार्ट, जांभया. तिसऱ्या रविवारी सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, 74,000 आणि 87,000, दोन महायुद्धांत मेलेले हिंदी सैन्याचे जवान, अंदाजे. कुठल्या युद्धात धोका जास्त? सगळे ओरडले दुसऱ्या. सर म्हणाले, "कितीपैकी?" पहिल्यात सैन्य सुमारे 13 लाख, दुसऱ्यात 25 लाख, म्हणजे 5.7 टक्के आणि साडेतीन टक्के, झालं की उलटं! तेवढ्यात मागच्या बाकावरचे काका (रिटायर्ड फौजी, नातवाला सोडायला येतात आणि बसूनच राहतात) म्हणाले, "सर, त्या 25 लाखांत कारकून, आचारी, ड्रायव्हर पण धरलेत ना? पुढं लढणाऱ्याला तुमचे साडेतीन टक्के कसे लागू होणार?" सर क्षणभर गप्प, मग म्हणाले, बरोबर.

आणि मग त्यांनी ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचं (दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब टाकायला जाणारं विमानदल) काढलं. तिथं विमानात जाणारे साधारण 1,25,000, त्यातले 55,573 मेले, 44 टक्के. वाईट काळात एका फेरीला 100 पैकी 5 विमानं परत येत नसत. मला वाटलं 5 म्हणजे काही नाही. पण एकेकाला 30 फेऱ्या करायच्या असायच्या. मी घाईत 30 गुणिले 5, दीडशे टक्के लिहिलं, सर म्हणाले अगो बाई, एक माणूस दीड वेळा कसा पडेल! वाचण्याचा आकडा गुणायचा, 0.95 तीस वेळा, उत्तर आलं 0.21. शंभरातले एकवीस. पडलेले सगळेच मेले नाहीत, काही कैदी झाले हे पण त्यांनी सांगितलं, पण तो 0.21 बघून वर्गात कोण बोललंच नाही थोडा वेळ.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे चार्टमध्ये मांडणारी नर्स) आणि क्रिमियाचं युद्ध (गोळीपेक्षा रोगानंच जास्त सैनिक गेले) पाच मिनिटांत उरकलं, ते मला अजून हवं होतं, भाजीपावच्या सुट्टीत वेळ गेला.

आता तक्रार. एका खोलीत चाळीस जण, पंखा खडखडतो, मागे काही ऐकू येत नाही. आणि नोट्सची झेरॉक्स इतकी धुरकट की 3 चा 8 वाचला जातो, मी घरी 55,578 धरून गणित केलं, काकांनी पुढच्या रविवारी पेन घेऊन माझ्या कागदावर स्वतः दुरुस्त करून दिलं, पाच जणांचा फरक आहे म्हणाले.

चार स्टार. पुढे बसा, आणि कॅल्क्युलेटर घरून न्या.