बाससाठी लो-प्रोफाईल बेटकास्टर: भरपूर वापरल्यानंतरचं मत

लार्जमाऊथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मागे लागलेल्या कुणीही मला पहिली चांगली रील कोणती घ्यावी असं विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: लो-प्रोफाईल बेटकास्टर, म्हणजे लाईनची चक्री (स्पूल) स्वतः फिरणारी, बसक्या घडणीची रील घ्या, आणि सुरुवातीचे काही दिवस ती शिकायला द्या. माझ्याकडे आहे ती साधारण २०० ग्रॅम वजनाची, ७.१:१ गिअर रेशोची (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे ७.१ फेरे), मॅग्नेटिक ब्रेकची आणि डाव्या हँडलची आहे. सोबत सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा (मुख्यतः टोकाकडे वाकणारा) रॉड आणि स्पूलवर १५ पौंड ताण सोसणारी फ्लुओरोकार्बनची लाईन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या घाटाच्या रील्स बऱ्याच कंपन्या बनवतात आणि खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं.

आधी हाताबद्दल. माझा तळवा लहान आहे. जुन्या गोल घडणीच्या रील्स मी हाताळल्यात. मजबुतीला त्यांना तोड नाही, पण अंगठा स्पूलवर टेकवायचा तर मनगट वर उचलावं लागतं आणि काही वेळाने हाताला कळ लागते. लो-प्रोफाईल रील रॉडच्या अंगाला चिकटून बसते. बाजूची प्लेट तळव्यात घ्यायची, तर्जनी रीलच्या पुढून लाईनला हलकी टेकलेली, आणि अंगठा आपोआप स्पूलवर. या पकडीला लहान हाताच्या माणसाने सगळ्यात आधी महत्त्व द्यावं. खोक्यावर बेअरिंग किती लिहिलीत हे नंतर बघा. दुकानात रील रॉडवर चढवूनच हातात घ्या. नुसती रील तळव्यात धरून काहीच कळत नाही.

आता गुंत्याबद्दल, कारण बेटकास्टर म्हटलं की लोक त्यालाच घाबरतात. स्पिनिंग रीलचा स्पूल फेकताना स्थिर असतो, लाईन त्याच्यावरून वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टरचा स्पूल मात्र स्वतः फिरतो. आमिष हवेत मंदावलं, किंवा पाण्यावर आपटून थांबलं, तरी स्पूल त्याच वेगाने फिरत राहतो आणि लाईन बाहेर पडायच्या ऐवजी स्वतःवरच फुगून बसते. एवढाच काय तो गुंता. त्याला आवरायला तीन गोष्टी आहेत: हँडलजवळची टेन्शनची गुंडी, बाजूचा ब्रेक आणि तुमचा अंगठा.

गुंडीपासून सुरुवात करा. जे आमिष वापरणार तेच बांधा, रॉड आडवा धरा, बटण दाबून स्पूल मोकळा करा. आमिष हळूहळू खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल जवळपास थांबला पाहिजे. पुढे फिरत राहिला तर गुंडी किंचित आवळा. आमिष बदललं की हे पुन्हा करायचं, कारण सात ग्रॅमचं आणि एकवीस ग्रॅमचं आमिष एका सेटिंगवर चालत नाही. मग ब्रेक. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये लोहचुंबक स्पूलला स्पर्श न करता त्याला रोखतात. डायल वाढवली की चुंबकाचा जोर वाढतो. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये छोटे ठोकळे स्पूलच्या वेगाने बाहेर फेकले जातात आणि कड्यावर घासतात, त्यामुळे फेकीच्या सुरुवातीला, स्पूल सगळ्यात जोरात असताना, त्यांची पकड सगळ्यात जास्त असते. मला मॅग्नेटिक बरा वाटतो, एकाच कारणासाठी: वारा समोरून आला की झाकण न उघडता अंगठ्याने डायल दोन घरं पुढे नेता येते. सुरुवात डायलच्या वरच्या टोकाला करा आणि हाताला सवय होत जाईल तशी खाली या. शून्याच्या जवळ जाण्यात काही मोठेपणा नाही.

तरीही गुंता झालाच, तर लाईन नखाने ओरबाडू नका. ड्रॅग (मासा ओढताना लाईन किती ताणाला सुटावी हे ठरवणारी व्यवस्था) घट्ट करा, अंगठा स्पूलवर जोरात दाबून धरा आणि हँडल दोन-तीन वेळा फिरवा. मग बटण दाबून लाईन सावकाश ओढा. बहुतेक गुंते असेच सुटतात. फ्लुओरोकार्बनला मात्र अशा वेळी कुठे कडक घडी पडली आहे का ते बोटाने तपासा. घडी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, मासा तिथेच तोडतो.

ही सगळी खटपट कशासाठी? नेमकेपणासाठी. बास उघड्या पाण्यात कमी आणि आडोशाला जास्त असतो: पाणवनस्पतींची कड, बुडालेलं झाड, धक्क्याचे खांब. तिथे वीतभर इकडे-तिकडे पडलेलं आमिष फुकट जातं. टेक्सास रिग नावाची आमिषाची जोडणी घ्या. बुलेटच्या आकाराचं वजन लाईनमध्ये ओवलेलं, खाली ३/० चा ऑफसेट गळ. रबरी किड्याच्या नाकातून टोक थोडं आत घालून बाजूने काढायचं, गळ फिरवायचा, आणि टोक पुन्हा किड्याच्या अंगात लपवायचं. किडा सरळ दिसला पाहिजे. वाकडा बसला तर पाण्यात गरगर फिरतो आणि लाईनला पीळ भरतो. हे आमिष गवताच्या कडेला टाकताना शेवटच्या क्षणी अंगठा स्पूलवर हलकेच टेकवला की ते हवेतच थांबल्यासारखं होऊन अलगद पाण्यात शिरतं. धपकन आवाज नाही, उथळ पाण्यातला मासा बुजत नाही. स्पिनिंग रीलवर बोटाने लाईन अडवून हे साधतं, पण अंगठ्याची ही बारीक नजाकत मला तिथे कधी मिळाली नाही.

आमिष खाली जाताना लाईनकडे बघत राहा. बरेचदा बास ते पडतानाच घेतो आणि हाताला धक्का लागतच नाही. लाईन मधेच सैल पडते, किंवा आडवी सरकायला लागते. तेव्हा रॉडचं टोक खाली करून ढील गुंडाळा आणि एका दमात वर ओढा. ७.१:१ रेशोचा उपयोग इथे कळतो: स्पूल भरलेला असताना हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ७५ सेंटीमीटर लाईन आत येते, म्हणजे ढील झटकन भरून निघते. खोल जाणाऱ्या क्रँकबेटसाठी (गुंडाळताना पाण्यात बुडी मारणारं माशाच्या आकाराचं कडक आमिष) मात्र हा रेशो मला जास्त वाटतो. आमिष पाण्याला इतकं ओढ देतं की मनगट दमतं. त्यासाठी ५:१ च्या आसपासची रील बरी.

ड्रॅगबद्दल थोडक्यात. लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा, ताणकाट्याने मोजून. या रीलचा ड्रॅग गुळगुळीत सुटतो, सुरुवातीला अडखळत नाही, आणि रील विकत घेताना मी ती गोष्ट पकडीनंतर लगेच तपासते.

मासा जितका लवकर हाताशी येईल तितका तो सोडल्यावर जगण्याची शक्यता जास्त, म्हणून मी नाजूक लाईनवर त्याला दमवत बसण्याच्या विरोधात आहे. बासच्या मासेमारीत मासा सोडण्याची रीत आज इतकी रुळली आहे की ती कायमचीच असावी असं वाटतं, पण तसं नाही. १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी जॉर्जियात धरलेला २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाऊथ विक्रमी ठरला आणि घरी शिजला. त्या काळात त्यात वावगं काहीच नव्हतं. १९६७ मध्ये बासमास्टर सर्किट ही बास पकडण्याच्या स्पर्धांची मालिका सुरू करणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ पासून स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून सोडण्याचा आग्रह धरला, आणि हौशी लोकांची सवय हळूहळू बदलली. २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात पेरींच्या माशापेक्षा एका औंसाहूनही कमी फरकाने जड मासा धरला. नियमाप्रमाणे विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची नावं आजही बरोबरीने घेतली जातात.

हात ओले करून मासा धरा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो. बासचे दात बारीक, खरखरीत असतात, त्यामुळे खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. पण मोठा मासा नुसता ओठाला धरून तिरपा लोंबकळत ठेवला तर सगळं वजन जबड्यावर येतं. दुसरा हात पोटाखाली द्या. फोटो काढायचा तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा नंतर पाण्याबाहेर काढा.

विणीच्या काळाबद्दल मी जरा कडक आहे. पाणी साधारण १५ अंशांच्या वर जायला लागलं की नर उथळ जागी शेपटीने तळ साफ करून घरटं करतो, आणि अंडी व पिल्लं यांच्यावर तोच पहारा देतो. त्याला गळाला लावून थोडा वेळ जरी दूर नेलं, तरी आसपासचे ब्लूगिलसारखे मासे अंडी फस्त करतात. घरट्यावर बसलेला मासा पाण्यातून स्पष्ट दिसतो आणि चिडून आमिषावर झेपही घेतो, म्हणून तो सोपा असतो. मी तो सोडून पुढे जाते. नियम परवानगी देत असले तरीही.

माणसांशी वागण्याचंही असंच. कुणी किनाऱ्याच्या कडेकडेने होडी नेत गळ टाकत असेल तर त्याच्या पुढच्या पाण्यात घुसू नये. मागून यावं, किंवा लांबून वळसा घालून विचारावं. किनाऱ्यावर उभ्या माणसाला तर जास्तच जागा द्यावी, कारण त्याला जागा बदलता येत नाही. दुसऱ्याच्या लाईनवरून फेकणं म्हणजे दोघांचाही डाव मोडणं, आणि इथेच पुन्हा ही रील मला आवडते: फेक चुकीच्या दिशेला जातेय हे कळताच अंगठा दाबून ती हवेतच थांबवता येते. तुटलेले रबरी किडे आणि लाईनचे तुकडे पाण्यात टाकू नका. मासे ते रबर गिळतात, पक्ष्यांचे पाय त्या लाईनमध्ये अडकतात. माझ्या खिशात त्यासाठी झाकणाची एक छोटी डबी असते.

तक्रारी आहेत. ब्रेकच्या डायलला टकटक असा ठाम थांबा नाही, त्यामुळे रील तळव्यात धरताना ती नकळत सरकते आणि पुढच्या फेकीला सेटिंग बदललेलं निघतं. कंपनीने हे सहज सुधारलं असतं. माहितीपत्रकात ब्रेक कसा लावायचा यावर एक ओळसुद्धा नाही, नवख्यासाठी हे फार वाईट. आणि सात ग्रॅमपेक्षा हलकं आमिष या रीलवर चांगलं जात नाही. बारीक जिग (वजनदार डोक्याचा गळ) किंवा वजनाशिवायचा छोटा किडा टाकायचा असेल तर स्पिनिंग रीलच हवी.

देखभाल फार नाही. बाहेर ओल्या फडक्याने पुसा, लाईन पसरवणाऱ्या पुढच्या आट्यांमधली वाळू ब्रशने काढा, बेअरिंगला तेलाचा एक थेंब, जास्त नाही. ठेवून देताना ड्रॅग सैल करा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

हँडल डावं की उजवं, यावर वाद चालतो. मी उजव्या हाताने फेकते आणि डाव्याने गुंडाळते, म्हणून रॉड हातातून बदलावा लागत नाही आणि आमिष पडतानाचा घास सुटत नाही. ज्यांची सवय उलटी आहे त्यांनी उजवंच घ्यावं. पण घेण्याआधी दोन्ही हातांत धरून बघा, कारण या रील्सचं हँडल स्पिनिंगसारखं काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही.