मान-खांदा धरलाय: मालिश घ्यावी की फिजिओ गाठावा?

सांगलीत चारचौघांत ‘मान धरलीय’ म्हणायचा अवकाश, चहा संपायच्या आत चार पत्ते हातात पडतात. एक जण विश्रामबागेतलं आयुर्वेदिक केंद्र सांगतो, दुसरा मिरजेतला फिजिओ, तिसरा तालमीतला वस्ताद, आणि एखादा तरी सलूनची वाट दाखवतोच. मी मार्केट यार्डात अडत दुकानाचे हिशेब बघतो. नव्या हळदीची आवक आणि मार्चअखेर एकाच वेळी डोक्यावर येतात, आणि डाव्या खांद्याच्या पात्याचा वरचा आतला कोपरा ठसठसायला लागतो. त्यामुळं हे सगळे दरवाजे मी वाजवून झालेत.

बोलणं चाललंय ते बसून बसून आखडलेल्या मानेबद्दल. हातात मुंग्या उतरत असतील, पेला धरताना पकड ढिली पडत असेल, चालताना तोल जात असेल, ताप असेल किंवा पडल्या-झडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर आधी डॉक्टर. डाव्या खांद्याबरोबर छाती भरून येत असेल आणि घाम फुटत असेल, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक बघावं: हात मागं नेऊन पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नसेल, तर तो खांदा गोठलेला असू शकतो. मधुमेहींना ते जास्त होतं आणि नुसत्या चोळण्यानं ते सुटत नाही.

सलूनचं एका वाक्यात उरकतो. डोक्याची चंपी जरूर घ्या, पण हनुवटी धरून मान कडकन मोडू देऊ नका. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्यानं इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

वस्तादांबद्दल मात्र मला आदर आहे. हिंदकेसरी मारुती माने ज्या जिल्ह्यातले, तिथं तालमीची मालिश हा काही चेष्टेचा विषय नाही. ताक, तेल, हळद मुरवलेल्या लाल मातीत वाढलेले ते हात. बोट टेकताच कुठली शीर चढलीय ते त्यांना कळतं. पण ती मालिश पैलवानाच्या अंगाच्या हिशेबानं चालते. “पावणं, अंग सैल सोडा की,” असं ते म्हणत राहतात आणि आपण दात आवळून आणखी ताठ होत जातो. मला दुसऱ्या दिवशी मान हलकी वाटली, पण पाठभर काळेनिळे डाग उठले. तरण्या, कसदार अंगाला ती सोसेल. माझ्या वयाच्या कारकुनी अंगाला सुचवायला मी जरा कचरतो.

तर खरी निवड उरते आयुर्वेदिक केंद्र आणि फिजिओ यांच्यात.

सुखाचं म्हणाल तर आयुर्वेदिक केंद्राला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोमट महानारायण तेल, मानेपासून दंडापर्यंत एका लयीत फिरणारे हात, मग निर्गुंडी-एरंडाच्या पानांच्या पोटलीचा शेक. ग्रीवाबस्ती घेतली तर मानेवर उडदाच्या पिठाची पाळ घालून त्यात गरम तेल धरून ठेवतात. पालथं पडल्या पडल्या डोळा कधी लागतो कळत नाही. त्या रात्री जी झोप लागते ती गोळीनंही लागत नाही. वैद्य बीएएमएस असेल तर नाडी, पोट, झोप सगळं विचारतो, घाई करत नाही. खर्च फिजिओच्या दुप्पट-तिप्पट पडतो, पण तो मला खटकला नाही.

खटकलं ते पुढचं. शेक झाला की बजावतात, “आता वारा लागू देऊ नका.” बरोबरच आहे, घामेजलेल्या अंगाला गार वारा कुणीच सांगणार नाही. पण मी आलेलो असतो दुचाकीवर. विश्रामबागेतून गावभागात वारा न लागता कसं जायचं? एप्रिलच्या उन्हात कान, मान, गळा मफलरमध्ये गुंडाळून मी निघायचो आणि सिग्नलला ओळखीचं कुणीतरी भेटायचंच, “काय, दाढ काढली काय?” वर हेल्मेट. त्याच्या आतल्या फोमनं इतकं तेल प्यायलंय, की आजही ते घातलं की केंद्रात गेल्यासारखं वाटतं. उशीच्या अभ्र्यांचं घरी काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. तेल जरा मुरू द्यायचं, मग कढत पाण्यानं आंघोळ, म्हणजे त्या दिवशी दुकानात परत जाणं संपलं. पावत्यांवर तेलकट बोटं उमटलेली शेठना चालत नाहीत. मग उरतो रविवार, आणि रविवारी सगळी सांगली तिथं नंबर लावून बसलेली.

ही नुसती कुरकुर वाटेल, पण माझ्या दृष्टीनं निकाल इथंच लागला. कारण मालिश थोडी घेऊन भागत नाही. अमेरिकेत २०१४ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली होती, जुनाट मानदुखीच्या २२८ जणांवरची. त्यात चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, तास-तासभर मालिश घेणाऱ्यांना चांगला फरक पडला; अर्ध्या तासाच्या मालिशीचा म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. तिकडची मालिश आणि आपलं अभ्यंग एक नव्हे, हे मान्य. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे: रविवारी सुटलेली मान बुधवारपर्यंत पुन्हा आवळलेली असायची. आठवड्यातून तीनदा मफलर गुंडाळून, अर्धा दिवस रजा टाकून कोण जाणार? निवृत्त असाल, केंद्र घराच्या कोपऱ्यावर असेल, घरी चारचाकी असेल, तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही आणि तुमचा कौल कदाचित वेगळा पडेल.

फिजिओकडं सुख असं काही नाही. पांढरा पडदा, रेक्झिनची खाट, पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाईंचं कण्हणं. गाठ दाबतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. पण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन, शर्टाची बटणं लावून सरळ दुकानात येता येतं. त्यामुळं जाणं टिकतं, आणि टिकलं म्हणून गुण आला असं मला वाटतं.

शिवाय तिथल्या फिजिओ पोरीनं पहिल्या दिवशी मानेला हात लावायच्या आधी विचारलं, “काका, चष्मा दुहेरी नंबरचा आहे का? आणि कॉम्प्युटर बघताना हनुवटी वर करता का?” करत होतो. खालच्या भिंगातून पडदा दिसावा म्हणून दिवसभर मान मागं टाकून बसत होतो. पडदा खाली घ्यायला लावला, कॉम्प्युटरपुरता वेगळा चष्मा करायला सांगितला. इतकी वर्षं इतक्या जणांनी मान चोळली, पण चष्म्याबद्दल चकार शब्द कुणी काढला नव्हता. तिनं व्यायामही दिले: हनुवटी आत ओढायची, पाती मागं जुळवायची, रबरी पट्टा ताणायचा. कंटाळवाणे आहेत, नाकारत नाही. सौ.नं आठवण केली नाही तर चुकतात.

एक मोठा ‘पण’ मात्र आहे. काही ठिकाणी फिजिओ म्हणजे फक्त मशीन. मदतनीस येऊन मानेवर चार पॅड चिकटवतो, वायर जोडतो आणि निघून जातो. मुंग्या येऊन गेल्या की घंटा वाजते, पैसे द्या, घरी जा. आधी ज्यांच्याकडं जात होतो तिथं हाच प्रकार होता. हात लागलाच तर शेवटची चार-पाच मिनिटं. त्यापेक्षा केंद्रातलं तेल परवडलं. म्हणजे माझा कौल आहे तो हातानं काम करणाऱ्या फिजिओला, नुसत्या पाटीला नव्हे.

भाच्यानं आणलेली मालिशची बंदूकही घरात आहे. खांद्याच्या मांसल भागावर ठीक, गळ्याच्या बाजूला आणि पुढं अजिबात नको.

आयुर्वेदिक केंद्र मी सोडलेलं नाही. मार्चअखेर संपला की एकदा जातो, पण उपचार म्हणून नव्हे, अंगाचे लाड म्हणून. त्या दिवशी भाच्याची गाडी आधीच सांगून ठेवतो.

फिजिओ निवडताना बीपीटीएच पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी बघा, केंद्रात वैद्य स्वतः तपासतो का ते बघा. आणि नंबर लावायच्या आधी फोनवर एवढंच विचारा, “हातानं किती वेळ देता?” उत्तरादाखल मशीनचं नाव सांगितलं, तर धन्यवाद म्हणून दुसरा नंबर फिरवा.