किशोरवयीनांसाठीची समाजमाध्यम कार्यशाळा, नौपाडा, ठाणे : एका पालकाचा अभिप्राय

नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने वर्गातल्या एका मुलाच्या फोटोखाली त्याच्या रंगावरून अत्यंत हीन शब्दांत कमेंट केली, ती शिक्षकांपर्यंत गेली, आणि त्यानंतर आम्ही नौपाड्यातील एका समुपदेशन केंद्राच्या कार्यशाळेत त्याचे नाव घातले. चार रविवार, रोज दोन तास, शुल्क 1,200 रुपये. पैसे सत्कारणी लागले, तरी एक गंभीर तक्रार आहे.

दुसऱ्या रविवारी समुपदेशक ताईंनी मुलांना आपापल्या जुन्या कमेंट कागदावर उतरवायला सांगितल्या आणि जोडीने बसून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत, त्या मोठ्याने वाचायला लावल्या. माझ्या मुलाने तीन शब्द वाचले आणि तो कागदाची घडी घालत राहिला. चौथा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून फुटेना. समोर चेहरा नसला की माणसाचा संयम सुटतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये सविस्तर मांडले होते. ताईंनी त्यावर व्याख्यान न देता मुलांना ते अनुभवू दिले, आणि मला या कार्यशाळेचे खरे मोल तिथेच दिसले.

तिसरा रविवार मोबाइलचा होता. आक्षेपार्ह वाटणारी कमेंट पाठवण्याआधी फेरविचार सुचवण्याची सोय इन्स्टाग्रामने 2019 मध्ये आणली. ती सूचना येवो वा न येवो, राग आला की मोबाइल पालथा ठेवून दहा श्वास मोजायचे, असा सराव ताईंनी करून घेतला. नको असलेले शब्द गाळणाऱ्या ‘हिडन वर्ड्स’च्या यादीत मुलांनी मराठी शिव्या देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत स्वतः भरल्या.

आता तक्रार. केंद्राच्या पुस्तिकेत ‘कलम 66अ खाली तीन वर्षे कैद’ असे छापले आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवण्याबद्दलचे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले, आणि त्या खटल्याला निमित्त ठरली ती 2012 मधील पालघरच्या दोन तरुणींची अटक, तीही फेसबुकवरील एका पोस्टवरून. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. धमकी, बदनामी, पाठलाग यांसाठी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तरतुदी आहेत. मुलांना धाक दाखवायचाच असेल, तर तो निदान खरा तरी असावा. शिवाय ज्याच्यावर अशा कमेंटचा मारा होतो, त्या मुलाने काय करावे याला शेवटची दहा मिनिटेच मिळाली. 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांकही मीच विचारल्यावर फळ्यावर लिहिला गेला.

पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्या पालकांनी दुसरा रविवार मुलाला चुकवू देऊ नये.