‘तुझा एसएमपीएस कमी पडतो’ सांगून गळ्यात मारलेलं बनावट ग्राफिक कार्ड

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड कॉम्प्युटर घेऊन त्यात ग्राफिक कार्ड टाकायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. माझ्या भाच्याचे यात साडेनऊ हजार अडकले, आणि ऐन लग्नसराईत त्याचं काम बंद पडलं.

भाचा चोपड्याला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचा कॉम्प्युटर असाच जुना ब्रँडेड आहे, आय५ प्रोसेसरचा. मशीन चांगलं, पण एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, फक्त २४० वॅटचा आणि त्यातून ग्राफिक कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. जळगावच्या एका दुकानात त्याने हे सगळं आधीच सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, “भाऊ, फिकर नको करू, आपलंच दुकान शे.” आणि एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी म्हणून एक कार्ड त्याला ६,८०० रुपयांना दिलं. दुकानात जोडून विंडोजमध्ये नावही दाखवलं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हमध्ये दिला. बिल मात्र कच्चं, साध्या चिठ्ठीवर.

त्या कार्डावर सहा पिनांचं सॉकेट होतं. दुकानदाराने हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीवरून सहा पिनांचा कन्व्हर्टर जोडून दिला. घरी एक्सपोर्ट, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायला, लावला की मशीन बंद. परत गेल्यावर उत्तर आलं, “कार्ड ओके आहे, तुझा एसएमपीएस कमी पडतो.” मग ‘५०० वॅट’चा एसएमपीएस विकला. ब्रँडेड मदरबोर्डचं सॉकेट वेगळं असल्याने २४ पिनांची वायर बसेना, म्हणून आणखी एक कन्व्हर्टर. एसएमपीएस कॅबिनेटमध्ये मावला नाही, तो टेबलावर उघडा ठेवावा लागला. तरीही एक्सपोर्टला स्क्रीनवर रंगीत चौकोन येऊन सगळं अडकायचं. शेवटी दुकानदाराने हात वर केले, “मशीनच जुनं आहे.”

तेव्हा पोराने ते सगळं उचललं आणि माझ्याकडे अमळनेरला आला. “मामा, एकदा बघा ना, पार्टी रोज फोन करते.”

मला पहिली शंका आली ती मागच्या पट्टीवरचं मॉनिटर जोडायचं निळं व्हीजीए पोर्ट पाहून. ते अॅनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचं. जीटीएक्स १०५० टीआय २०१६ साली आलं. त्या पिढीच्या चिपमधून एनव्हिडियाने अॅनालॉग आउटपुट काढूनच टाकलं होतं. दुसरं म्हणजे खऱ्या १०५० टीआयची गरज ७५ वॅटची आहे आणि तेवढे वॅट कार्ड बसतं तो मदरबोर्डचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटच देतो. काही ओव्हरक्लॉक, म्हणजे जास्त वेगाने चालवलेल्या, मॉडेलांना सहा पिन असतात, पण बहुतेकांना वेगळी वायर लागतच नाही. म्हणजे खरं कार्ड दिलं असतं तर २४० वॅटवर काम भागलं असतं!

जीपीयू-झेड हे ग्राफिक कार्डाची माहिती दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. नावाच्या आधीच ‘फेक’ लिहून आलं. २०१८ पासून ते अशी जुनी चिप ओळखून सांगतं. चिप निघाली जीएफ १०६, म्हणजे २०१० सालचं जीटीएस ४५०. १०५० टीआयमध्ये ७६८ शेडर, म्हणजे चित्राची गणितं करणारे छोटे भाग, असतात, इथे १९२. मेमरी खरी १ जीबीच, ४ जीबी हा बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या माहितीत, खोटा लिहिलेला आकडा. ती १ जीबी भरली की रंगीत चौकोन येत होते. त्या चिपमध्ये एनव्हेन्क, म्हणजे व्हिडिओ एन्कोड करणारा भागही नाही. त्यामुळे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय कधी दिसलाच नव्हता. एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर त्यावर चढत नाही, म्हणून तर पेन ड्राइव्ह दिला होता.

आणि हे जुनं कार्ड खातं १०६ वॅट. साटाच्या वायरीची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट. तो कन्व्हर्टर मी काढला तेव्हा त्याचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. घरात आग लागली असती, याचा मला अजून संताप येतो. ‘५०० वॅट’च्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला १६ अँपिअर लिहिलं होतं. गुणाकार करा, १९२ वॅट. त्याच्या जुन्या कंपनी एसएमपीएसपेक्षाही कमी.

कमी वॅटच्या एसएमपीएसचं कारण गिऱ्हाइकाला लगेच पटतं, आणि त्याच कारणाच्या आड हे लोक बनावट कार्ड लपवतात. वर नवा एसएमपीएस विकतात तो वेगळाच. कार्डाची तपासणी होण्याआधी एसएमपीएस बदलू नका. दुकानातच जीपीयू-झेड लावायला सांगा आणि एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून तोच टाकायला लावा. जो दुकानदार नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.

पैशांसाठी आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, जीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट आणि वितळलेल्या कन्व्हर्टरचे फोटो होते. ‘धंद्यासाठी घेतलं, तू ग्राहक नाहीस’ असंही दुकानदाराने सुनावलं. ते खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच मानली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. हे सगळं लेखी पाठवल्यावर त्याने कार्डाचे ६,८०० परत केले. एसएमपीएस आणि कन्व्हर्टरचे अजून दिलेले नाहीत, त्यासाठी आयोगाचा अर्ज तयार केला आहे.

भाच्याच्या मशीनमध्ये आता सहा पिन नसलेलं जीटीएक्स १६५० आहे, पक्क्या बिलावर घेतलेलं. तेही ७५ वॅटचंच, पण घेताना सॉकेट बघा, कारण याच नावाची बरीच मॉडेलं सहा पिनांची येतात. एसएमपीएस जुनाच, २४० वॅटचा.