फोर्ड २०० की शेव्हरोले २५०: सुधारणेसाठी कोणते इंजिन?

फोर्डच्या १९६५ च्या मस्टँग गाडीतील २०० घनइंचांचे इंजिन आणि शेव्हरोलेच्या १९६७ च्या कमॅरो गाडीत मिळणारे २५० घनइंचांचे इंजिन, दोन्ही सरळ रांगेतील सहा सिलिंडरची आणि सात मुख्य बेअरिंगांवर क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) पेलणारी आहेत. त्यामुळे पायाच्या मजबुतीबाबत दोन्हींवर विश्वास ठेवता येतो. कंपनीने सांगितलेली शक्ती अनुक्रमे १२० आणि १५५ अश्वशक्ती होती.

खरा फरक सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरील झाकणात आहे. फोर्डचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा नळीचा भाग, हेडसोबतच ओतलेला असल्याने तो काढून बदलता येत नाही. हे मिश्रण तयार करणारा कार्ब्युरेटर मोठा बसवला, तरी मिश्रण त्याच अरुंद नळीतून जाते आणि टोकाच्या सिलिंडरांना मधल्यांइतके मिळत नाही. सुटा मॅनिफोल्ड असलेले ऑस्ट्रेलियन फोर्डचे २५० टू-व्ही (दोन मार्गांच्या कार्ब्युरेटरसाठीचे) हेड हा यावरचा उत्तम उपाय आहे, परंतु ते दुर्मीळ आहे.

शेव्हरोलेचा मॅनिफोल्ड बोल्टने जोडलेला असतो. म्हणून दोन-तीन कार्ब्युरेटरांचा संच बसवणे, पुढच्या आणि मागच्या तीन सिलिंडरांचा धूर वेगळ्या नळ्यांनी बाहेर काढणे आणि त्यांना साजेसा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) निवडणे ही कामे टप्प्याटप्प्याने करता येतात. मात्र १९७५ पासून अनेक गाड्यांत शेव्हरोलेनेही मॅनिफोल्डसह ओतलेले एकसंध हेड वापरले, तेव्हा जुने इंजिन विकत घेताना हेड प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे.

शक्ती वाढवायची असेल, तर मी निःसंकोच शेव्हरोले निवडेन. मस्टँग मूळ रूपात जपायची असेल, तर फोर्डचे इंजिन काढू नये. त्याचे इग्निशन आणि एक्झॉस्ट सुधारणे पुरेसे आहे.